घड्याळ चुकतंय

सावेडी, नगर
१७ ऑगस्ट २०२५

अँड्र्यूभाऊजी,

सलाम. फोन केला की एंजेलाताई उचलतात आणि तुम्ही मळ्यात गेलात म्हणून सांगतात. संध्याकाळी केला तरी मळ्यातच. तुम्हाला शेतीची एवढी आवड कधी लागली ते माहीत नाही. आयुष्य शाळेच्या मैदानावर काढलेला माणूस रिटायर होऊन श्रीरामपूरजवळच्या बेलापूरला जातो काय आणि जनावरांच्या घासाला पाणी देत बसतो काय. ताईंना आणखी खोटं बोलायला लावणं बरं वाटेना, म्हणून पत्र लिहिते आहे. टेबलावर पडून राहिलं तरी कधीतरी उघडाल.

काम एका घड्याळाचं आहे.

सम्राटला पळणाऱ्यांचं घड्याळ घ्यायचं आहे. तुमच्या हातात असायचं तसलं. नाडी दाखवणारं, किती पळलो ते मोजणारं. एप्रिलच्या अटॅकनंतर डॉक्टरांनी चालायची परवानगी दिलीच होती. आता म्हणाले, जानेवारीत फिरत्या पट्ट्यावर चालवून तपासणी करू, ती नीट आली तर हळूहळू पळायलाही हरकत नाही, फक्त नाडी एका हद्दीच्या वर जाऊ द्यायची नाही. झालं. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. सम्राट म्हणतो, घड्याळ आत्ताच घेऊ, म्हणजे चालतानाही नाडी कळेल, सवय होईल. आम्रपाली पुण्याहून म्हणते, पप्पा, थांबा, नवीन मॉडेल यायचं आहे, ते आलं की जुनं स्वस्त होईल, आत्ता घेणं म्हणजे वेडेपणा. रोज रात्री जेवताना बापलेकीचं फोनवर हेच चालतं. आणि शेवटी दोघंही माझ्यावर येऊन थांबतात. आई, तू सांग. यशो, तू सांग.

मला त्यातलं काय कळतं? मी मराठी शिकवते.

पण विचारतात ते घड्याळाचं नाही, एवढं मला कळतं. मी घे म्हटलं तर पळ म्हटल्यासारखं होतं. थांब म्हटलं तर तू अजून पेशंट आहेस म्हटल्यासारखं होतं, आणि मग दोन दिवस त्याचं तोंड बघवत नाही. एप्रिलपासून मी या घरात बायको नाही, रखवालदार आहे. मीठ किती, तेल किती, गोळी घेतली का, जिना चढताना थांबलास का. तो झोपला की छातीवर हात ठेवून बघते. त्याला ते कळतं, पण झोपल्याचं सोंग घेतो. आम्ही दोघंही दमलो आहोत.

तुम्हाला यातलं कळतं म्हणून विचारते. आत्ता घ्यावं की थांबावं?

आणखी एक. दवाखान्यात जालिंदरभाऊजी तुम्हाला जे बोलले, ते मला आठवड्याने कळलं. मी तेव्हा आत होते, त्याच्या हृदयात दोन स्प्रिंगा बसवायच्या कागदांवर सह्या करत होते. ते थोरले दीर आहेत, काष्टीहून धावत आले होते, घाबरलेले होते. ते बोलले ते माझं नाही, एवढंच तुम्हाला कळावं.

ताईंना नमस्कार. पाऊस बरा आहे का तिकडे?

यशोधरा


७ सप्टेंबर २०२५

भाऊजी,

तुमचं कार्ड मिळालं. पोस्टमनसुद्धा हसला. म्हणाला, मॅडम, कार्ड कोण पाठवतं आता.

तुम्ही लिहिलंत की घड्याळ आत्ता घेऊ नका, मनगटावरचा आकडा चढावर कधीकधी खरा नसतो, त्यापेक्षा छातीला बांधायचा पट्टा येतो तो जास्त भरवशाचा, पण तोही जानेवारीची तपासणी झाल्यावर. सात ओळी. सातही घड्याळावर. तुम्ही कसे आहात त्याचं नाव नाही, सम्राट कसा आहे विचारलं नाही. विद्यार्थ्याला प्रश्नाचं तेवढं उत्तर द्यायचं, तसं दिलंत.

सम्राटला कार्ड दाखवलं. त्याने वाचलं, उलटं करून पत्त्याची बाजू पाहिली, परत वाचलं. मला वाटलं, काहीतरी बोलेल. तुम्ही दोघं पंधरा वर्षं रोज सकाळी मोटरसायकल डोंगराच्या अलीकडे लावून वर चांदबिबीच्या महालापर्यंत पळत गेलात. उन्हाळा नाही, थंडी नाही. मी त्याला म्हटलं, तू एक फोन कर त्यांना, तुझा नंबर बघून तरी उचलतील. तो म्हणाला, बघू. आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. एप्रिलपासून त्याचं हे बघूच चाललं आहे. तुमचं काही बिनसलं असेल तर मला सांगा. मला वाटत होतं, जालिंदरभाऊजींच्या बोलण्याने तुम्ही दुखावलात. पण मग हा का फोन करत नाही?

घड्याळाचं मात्र तुमच्या कार्डाने आणखी अवघड झालं. आम्रपाली खूश. बघा, अँड्र्यूकाकापण थांबा म्हणतात. आणि हा म्हणतो, त्याला भीती बसली आहे म्हणून तो तसं म्हणणारच, आपण दुकानात जाऊन बघून तर येऊ.

मी म्हटलं, दसऱ्यानंतर बघू. मला सध्या कुठे जायचं म्हटलं की नको वाटतं. शाळा सुटल्यावर घरी यायचं तेवढं पुरे होतं. काल भाजीची पिशवी घेऊन येताना दुसऱ्या मजल्यावर पायरीवरच बसले. शेजारच्या ज्योतीने पिशवी वर नेऊन दिली. जड होती, भोपळा होता. वर्गातही आता खुर्चीवर बसून शिकवते. मुली म्हणतात, मॅडम, तुम्ही रागावलात का? रागावले नाही ग, म्हटलं, बसले आहे.

वय झालं. पन्नाशीला आले. बायकांचं या वयात जे काय असतं ते चालू आहे, ते तुम्हाला काय लिहायचं.

यशोधरा


५ ऑक्टोबर २०२५

भाऊजी,

तुमच्या दुसऱ्या पत्राची वाट पाहिली नाही. ते यायचं नाही, हे मला माहीत होतं.

काल दुकानात गेलो. प्रोफेसर कॉलनीच्या चौकात नवीन दुकान झालं आहे, नुसती घड्याळं आणि कानात घालायचं सामान. सम्राट लहान मुलासारखा एकेक घड्याळ उचलून बघत होता. दुकानदार पोरगेला, बोलका. बॅटरी किती दिवस टिकते, पावसात चालतं का, रस्ता कसा दाखवतं, सगळं सांगत होता. सम्राटने तुमच्याकडे होतं त्याचंच पुढचं मॉडेल निवडलं. मी खुर्ची मिळाली तिथे बसून होते. मला म्हणाला, यशो, तुझ्या हाताला बांधून बघू, आकडा नीट वाचता येतो का तुला.

त्याने पट्टा बांधला. आकडा एकशे अठरा आला. मी तर मघापासून बसलेली. दुकानदार म्हणाला, मॅडम, जरा सैल असेल. घट्ट केला. तेवढाच. मग त्याने घड्याळ पुसून स्वतःच्या हाताला लावलं, त्याला सत्त्याहत्तर दाखवलं. परत माझ्या हाताला, परत एकशे अठरा, मग एकशे वीस.

मी म्हणाले, "घड्याळ चुकतंय."

भाऊजी, सम्राटचा चेहरा मी आयसीयूतसुद्धा तसा पाहिला नव्हता. त्याने माझ्या हातातून ते घड्याळ काढलं, काउंटरवर ठेवलं, दुकानदाराला नंतर येतो म्हणाला आणि मला दंडाला धरून बाहेर आणलं. रिक्षा थांबवली. मी विचारते आहे, कुठे, तर तो रिक्षावाल्याला पत्ता सांगतो आहे. सरळ त्याच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे. मला कसंतरीच झालं, पेशंट तो आणि नंबर माझ्या नावाचा लावला.

डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांखालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, आणि विचारलं, अंगावरून किती जातं? नवऱ्यासमोर, उभ्या उभ्या. मी म्हटलं, जातं थोडं जास्त. किती महिन्यांपासून? मला नीट सांगता आलं नाही. एप्रिलमध्ये लक्ष द्यायला वेळ नव्हता, मेमध्ये तो घरी आला, जूनला शाळा उघडली. त्यांनी रक्त काढायला पाठवलं. रिपोर्ट उद्या येईल.

तुम्हाला हे लिहायचं नव्हतं. पण या घरात आता सम्राट माझ्यामागे फिरतो आहे, पाण्याचा ग्लास हातात देतो आहे, आणि एक शब्द बोलत नाही. कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

घड्याळ राहिलं दुकानातच.

यशोधरा


११ ऑक्टोबर २०२५
दवाखाना

भाऊजी,

हे आम्रपालीच्या वहीच्या कागदावर लिहिते आहे, डाव्या हाताला सुई आहे. अक्षर वाकडं आलं तर समजून घ्या.

रक्त सहा निघालं. बायकांना बारा लागतं. इथल्या स्त्रीरोगाच्या डॉक्टर माझ्याहून लहान आहेत. त्यांनी रिपोर्ट पाहिला, मग मला पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही चालत कशा आलात?" मी म्हटलं, रोज येते तशी. गर्भाशयात गाठी आहेत. आधी रक्त भरायचं, मग थोडं थांबून पिशवी काढायची. आज तिसरी बाटली चालू आहे. कुणाचं रक्त आहे कुणास ठाऊक, पण काल संध्याकाळी मी खिडकीपर्यंत गेले आणि मला धाप लागली नाही. केवढं नवल वाटलं. मी विसरूनच गेले होते की माणसाला धाप न लागता खिडकीपर्यंत जाता येतं.

एवढे दिवस मला वाटत होतं, मी मनाने दमले आहे.

आता तुम्हाला जे लिहायला घेतलं ते. काल आम्रपाली डबा आणायला घरी गेली होती. सम्राट स्टुलावर बसलेला. स्टूल जवळ ओढून म्हणाला, "त्या दिवशी मीही हेच म्हणालो होतो."

मी विचारलं, काय?

"घड्याळ चुकतंय."

मग त्याने सगळं सांगितलं. त्या सकाळी उठल्यापासूनच त्याची छाती आवळल्यासारखी वाटत होती, पित्त असेल म्हणून तो बोलला नाही. तुमचं घड्याळ नवीन होतं, त्याने हौसेने मागून स्वतःच्या हाताला बांधलं होतं. डोंगराच्या पायथ्याशी, चढ सुरू व्हायच्या आधीच, आकडा एवढा वर गेला की तुम्ही म्हणालात, सम्राट, बस, आज वर जायचं नाही. तो हसला. म्हणाला, तुझं घड्याळ चुकतंय, आणि पुढे पळाला. तुम्ही मागून हाका मारत होतात. दुसऱ्या वळणावर तो पडला. तुम्ही भाजीचा टेम्पो थांबवून त्याला घेऊन आलात.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की मी पोचले तेव्हा तुम्ही त्याचे बूट हातात घेऊन उभे होतात.

आणि जालिंदरभाऊजी सगळ्या लोकांसमोर तुम्हाला म्हणाले, "मास्तर, तुमच्या नादानं हा पळाया लागला आन् ही येळ आली." तुम्ही खाली मान घालून ऐकून घेतलंत. एक वाक्य बोलला असतात, की मी थांब म्हणत होतो, तर विषय मिटला असता. आत तो मरतोय की जगतोय कळत नव्हतं, अशा वेळी त्याची चूक कशी सांगायची, असं तुम्हाला वाटलं असणार. बोलून दाखवलं नाहीत तरी मला ते कळतं. पण नंतर? तो बरा झाल्यावर?

सम्राटला हे जालिंदरभाऊजींचं बोलणं आम्रपालीने मे महिन्यातच सांगितलं होतं. तेव्हापासून तो गप्प आहे. म्हणाला, यशो, फोन करायला घेतो, तुझा चेहरा डोळ्यासमोर येतो, भाऊचा येतो, आणि राहून जातं. आज करू, उद्या करू. जितके दिवस गेले तितकं अवघड होत गेलं.

मला राग यायला हवा होता. पण रागावायला ताकद लागते, आणि ती बाटलीतून थेंब थेंब येत होती. मी त्याला एवढंच म्हणाले, दुकानातून मला ओढत आणलंस ते बरं केलंस. तो रडला. मी त्याचा हात धरला तर सुईला धक्का लागला, नर्स ज्ञानेश्वरी येऊन दोघांनाही ओरडली.

तुम्ही आता फोन उचलला तरी चालेल. नाही उचललात तरी मला आता कारण माहीत आहे.

यशोधरा


२३ नोव्हेंबर २०२५
सावेडी

अँड्र्यूभाऊजी,

ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. मी बरी आहे. जिन्यात अजून थांबते, पण आता डॉक्टरांनी सांगितलं म्हणून थांबते. दोन्हीत फरक आहे. शाळेने सुट्टी दिली आहे. स्वयंपाक सम्राट करतो. त्याला कुणी मीठ कमी घाल म्हणायची गरज नाही, तो घालायलाच विसरतो. काल पिठलं केलं, ते आम्ही दोघांनी वरून मीठ घेऊन खाल्लं, अगदी थोडं, आणि मी काही बोलले नाही. तो मला औषधं देतो, मी त्याला देते. दोघांच्या गोळ्या एकाच डब्यात आल्यात. परवा त्याने माझी लोहाची गोळी घेतली.

रात्री मला जाग येते तेव्हा त्याचा हात माझ्या पाठीवर असतो. मी झोपल्याचं सोंग घेते.

आम्रपालीचा फोन आला होता. ते नवीन मॉडेल आलं म्हणे. जुन्याची किंमत उतरली आहे, पप्पांना सांग, आता घ्या. सम्राट म्हणाला, आता नको, तुझी आई जिना चढायला लागली की बघू. मग फोन माझ्याकडे आला आणि परत तेच. आई, तू सांग.

मी फोन ठेवला आणि सम्राटला म्हटलं, मी सांगणार नाही. हे वाक्य बोलायला मला आठ महिने लागले. घ्यायचं असेल तर घे, थांबायचं असेल तर थांब, पण माझ्यासाठी थांबू नकोस आणि मला विचारून घेऊ नकोस. तुझं काळीज आहे, डॉक्टर तुझे आहेत, पळणार तू आहेस. दुखलं तर मला सांगायचं, आणि मला दुखलं तर मी सांगेन, एवढंच आपल्या दोघांत ठरलेलं राहू दे. त्याने गोळ्यांचा डबा बंद केला. मग म्हणाला, जानेवारीची तपासणी होऊ दे. पास झालो तर अँड्र्यूला घेऊन जाईन दुकानात, तो येईल का?

ते मला कसं माहीत असणार? मी म्हटलं, त्यांना विचार. तुमच्या नावाचं बटण दाबून फोन कानाला लावला त्याने, माझ्यासमोर. एंजेलाताईंनी उचलला. तुम्ही मळ्यात होतात.

तर आता शेवटचं सांगते.

गेल्या रविवारी जालिंदरभाऊजी मला बघायला आले होते. सोबत काष्टीच्या बाजारातून आणलेली शेळीच्या पायांची पिशवी. सूप करून पाजा म्हणाले, रक्त वाढतं. चहा झाल्यावर सम्राटने त्यांना सांगितलं. एप्रिलचं सगळं, घड्याळासकट. मी आतल्या खोलीत पडून ऐकत होते. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग त्या मास्तरानं तवाच सांगितलं का न्हाई?"

सम्राट म्हणाला, मी सांगायला हवं होतं.

भाऊजींची खुर्ची सरकली. मला वाटलं, उठून गेले की काय. मग त्यांचा आवाज आला, "मी लई वंगाळ बोललो रं त्यांला. लोकं हुती तिथं."

जेवायला थांबले नाहीत. जाताना माझ्या दारात येऊन उभे राहिले आणि विचारलं, यशोधरा, मास्तरांचं बेलापुरात घर कुठल्या बाजूला? मी सांगितलं, चर्चच्या मागे, पत्र्याचं गेट. म्हणाले, श्रीरामपूरला माझं काम हाय एक, ट्रॅक्टरच्या सामानाचं. अँड्र्यूभाऊजी, काष्टीला ट्रॅक्टरचं सगळं सामान मिळतं.

ते उद्या काष्टीहून निघतील आणि आमच्या दारावरून पुढे तुमच्याकडे येतील. सम्राटने बरोबर येतो म्हटलं होतं, त्याला नको म्हणाले, बोललो मी एकटा, जातो पन एकटाच. म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही, त्यांच्याच हाती देते आहे. त्यांना माफी वगैरे मागता येत नाही. आमच्या लग्नात हुंड्यावरून कुणी काही बोललं होतं, तेव्हा माझ्या वडिलांपुढे ते असेच येऊन बसले होते आणि तासभर कांद्याच्या बियाण्यावर बोलले होते. तुमच्याशीही पावसावर बोलतील, उसावर बोलतील, तुमचा घास बघायचा म्हणतील. दाखवा. त्यांना साखर आहे, चहा बिनसाखरेचा लागतो, पण ते मागतील.

तुम्ही मळ्यात असाल तर ते गेटाशीच थांबतील, आत यायचे नाहीत. ताईंना सांगून ठेवलं आहे मी, आज फोनवर. पहिल्यांदाच त्या मला म्हणाल्या, थांबा, आहेत ते घरातच. पण मी तुम्हाला द्या म्हटलं नाही. हे फोनवर बोलायचं नव्हतं.

पत्र मोठं झालं आहे, आणि तुम्ही हे वाचाल तेव्हा ते गेटाशी उभे असतील. परत वाचायचं तर नंतर वाचा. आधी त्यांना आत घ्या.

यशोधरा